सरांचं ‘बरं’

सरांच्या मुलीने वडिलांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, मिटलेली बोटं एकेक करून सुटी केली आणि नखं कापायला सुरुवात केली. हाताने विरोध केला नाही. तो हात आता कशालाच विरोध करत नव्हता. ओल्या टॉवेलसारखा जिथे ठेवाल तिथे राहत होता.

समोरच्या खुर्चीत, सरांना भेटायला आलेली ती, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आल्यापासून तिने सरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. हाताकडे पाहणं सोपं होतं. याच हाताला त्यांच्या माघारी सगळे ‘कात्री’ म्हणायचे, आणि आज तो हात एका छोट्याशा नेलकटरच्या स्वाधीन होऊन पडला होता.

“पाय जरा मागे घ्या हं ताई,” मुलगी म्हणाली. “बाबांची नखं फार लांब उडतात. स्वभावच तो.”

ती हसली नाही. या घरात हसायचं असतं की नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मुलीने कापलेली नखं वेचून उशाजवळच्या स्टुलावरच्या स्टीलच्या वाटीत टाकली. वाटीत बारीक, कोरडा आवाज झाला.

गेली कित्येक वर्षं शनिवारी दुपारी ती सरांना भेटत आली होती, पण त्यांच्या घरात पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. शनिवारची बैठक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायची. लांबट टेबल, कुरकुरणाऱ्या खुर्च्या, आणि टेबलाच्या टोकाला सर. सर एके काळी एका मासिकाचे संपादक होते. मासिक बंद पडलं, पण त्याचा धाक काही बंद पडला नाही. तो सरांबरोबर जिना चढून वर आला आणि टेबलाच्या टोकाला बसला. ज्याला लिहायची हौस असेल त्याने यावं, लिहिलेलं वाचावं. सर डोळे मिटून ऐकत. मग कुठेतरी मध्येच, आवाज न चढवता, ते म्हणत, “बरं.”

की वाचणारा थांबायचा.

त्या शब्दापुढे पूर्णविराम आहे, हे पहिल्यांदा कोणाला ऐकू आलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. कोण्या एकाने कधीतरी कागद आवरले असतील, ते पाहून पुढच्याने आवरले असतील, आणि पाहता पाहता तो बैठकीचा कायदा झाला असेल. ‘चांगलं’ नव्हे, ‘वाईट’ नव्हे, नुसतं ‘बरं’. त्या शब्दाची उंची इतकी मोजकी होती की त्याखाली माणूस वाकूनच उभा राहायचा. नव्या माणसाला बैठकीतला एक दंतवैद्य जिन्यातच गाठून समजावायचा. “बरं म्हणाले की थांबायचं. वाद घालायचा नाही, चेहरा पाडायचा नाही. रडायचं असेल तर खाली चपला घालताना रडून घ्यायचं, तिथे सोय आहे.” दंतवैद्य स्वतः कविता करायचा. “माझ्या खुर्चीत बसून लोक तोंड उघडतात,” तो म्हणायचा, “आणि यांच्या खुर्चीसमोर माझंच मिटतं. धंद्याला बट्टा आहे.”

सगळे हसायचे. पण शिवणकाम करणाऱ्या एक बाई दुसऱ्या शनिवारी आल्या नाहीत, त्या आल्याच नाहीत. एका निवृत्त स्टेशनमास्तरने जाडजूड कादंबरी पहिल्या प्रकरणातच मिटली आणि नंतर तो फक्त ऐकायला येऊ लागला. ऐकताना इतरांच्या ‘बरं’ची वाट पाहणारा त्याचा चेहरा फारसा देखणा दिसायचा नाही.

तिची पाळी आली तेव्हा तिने गोष्ट आणली होती. आपल्या वडिलांची, म्हणजे खरं तर वडिलांच्या वाटीची. गोष्टीतल्या बापाने आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. फक्त जेवता जेवता तो कधीतरी ताटाशेजारची वाटी बोटभर बाजूला सरकवायचा. एवढंच. की घर गप्प व्हायचं. आई उठून उभी राहायची. काय कमी पडलं, काय जास्त झालं, कुणाचं काय चुकलं, हे सगळे आपापल्या मनात शोधू लागायचे आणि प्रत्येकाला काही ना काही सापडायचंच. वाटी का सरकली, हे विचारायची छाती मात्र कोणाची झाली नाही.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर सर म्हणाले, “बरं.”

तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं. कागद मधोमध दुमडले. त्या क्षणी सरांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं होतं. ती नजर तिने घरी नेली आणि नंतर वर्षानुवर्षं कुलपात ठेवल्यासारखी जपली. तुच्छता, असं तिने त्या नजरेला नाव दिलं होतं. बैठकीला जाणं तिने सोडलं नाही, पण कागद पुन्हा नेले नाहीत. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. दंतवैद्य तिला ‘पाणीवाली’ म्हणायचा. नदीच्या, विहिरीच्या, टाक्यांच्या पाण्याच्या बाटल्या उजेडासमोर धरून गढूळपणा किती, वास आहे का, पिण्याजोगं आहे का, हे ती लिहायची. त्यापलीकडे तिने काही लिहिलं नाही. लिहावंसं वाटायचं तेव्हा वाक्य सुचायच्या आधीच कानात तो शब्द यायचा, आणि सुचलेलं निमूटपणे परत फिरायचं.

मग परवा दंतवैद्याचा फोन आला.

“ऐकलंस का? कात्री गंजली.”

“म्हणजे?”

“झटका आला सरांना. उजवी बाजू गेली. वाचा गेली. ऐकू सगळं येतंय म्हणे. कळतंय. बोलता तेवढं येत नाही.”

“तू गेला होतास?”

“मी? नाही गं बाई. माणूस आडवा पडलाय तरी मला भीती वाटते. तू जाऊन ये आधी. जिवंत परत आलीस तर मी जाईन.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “आणि काय गं, तुझी ती वाटीची गोष्ट आहे ना अजून? ने की. आता कोण अडवतंय तुला?”

तो हसला, आणि आपलंच हसू कानावर पडल्यासारखा एकदम गप्प झाला.

“काहीतरीच बोलतोस,” ती म्हणाली होती. पण आज निघताना तिने कपाटातून कागद काढून पिशवीत ठेवले होते. कशासाठी, हे स्वतःला विचारायचं तिने शिताफीने टाळलं होतं. आता खुर्चीत बसल्यावर ते कागद मांडीवर एखाद्या चोरून आणलेल्या वस्तूसारखे जड लागत होते. ज्याला ‘थांब’ म्हणता येणार नाही, अशा माणसापुढे वाचायला आपण आलो आहोत. हे वाचन झालं की सूड?

“झालं,” मुलगी म्हणाली. तिने वडिलांचा हात उचलून चादरीवर ठेवला, त्यांची मान उशीवर सरळ केली आणि पायथ्याची वर्तमानपत्राची घडी उलगडली. “आता यांची वाचनाची वेळ. बसा तुम्ही. रोज वाचावंच लागतं, नाहीतर डोळे वटारतात.”

मुलगी वाचू लागली. बातमी कसल्याशा पुलाची होती. पूल जुना झाला आहे, त्याच्या खांबांना तडे गेले आहेत, जड वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवण्यात येतील.

“बरं,” उशीवरून आवाज आला.

ती खुर्चीतून अर्धवट उठली. आवाज घोगरा झाला होता, शब्दाची एक कड बधिर जिभेवरून घसरली होती, पण शब्द तोच होता. तिची बोटं पिशवीच्या बंदाकडे गेली. जायला हवं, असं तिच्या गुडघ्यांना परस्पर कळलं होतं.

मुलगी वाचतच होती. पुलाच्या दुरुस्तीला कुठली माणसं येणार, पावसाआधी काम उरकेल का, शेजारच्या वस्तीचं म्हणणं काय.

“बरं.”

मुलीने घोट्याला खाजवलं, पान उलटलं आणि पुढचं वाचलं. तिचा आवाज कुठे अडखळला नाही की बारीक झाला नाही. वाहत्या नळाखाली हात धरावा तसा तो शब्द तिच्या वाचनाखाली येत होता आणि ओला होऊन परत जात होता.

“तुम्ही…” ती म्हणाली, “तुम्ही थांबत नाही?”

“का थांबू?”

“ते म्हणाले ना. बरं.”

मुलीने वर्तमानपत्र खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. “अहो, तेवढाच शब्द उरलाय त्यांच्याकडे. डॉक्टर म्हणतात, होतं असं. सगळं बोलणं पुसलं जातं आणि एखादा शब्द मागे राहतो. पाणी हवं, बरं. खिडकी लाव, बरं. माझा राग आला, बरं.” ती हसली. “पण वाचतानाचं बरं नवं नाही हो. तो त्यांचा हुंकार. लहानपणी त्यांची आजी अंधारात गोष्टी सांगायची ना, तेव्हा बाकीची मुलं हूं, हूं करायची आणि हे शिष्ट म्हणायचे, बरं. ऐकू आलं नाही तर पोर झोपलं समजून आजी गोष्ट बंद करायची. मग यांचं भोकाड. शाळेत असताना मी यांना धडे वाचून दाखवायचे, तेव्हाही तेच. बरं, बरं. मी थांबले की खेकसायचे, ‘बरं म्हणतोय ना मी? मग थांबतेस काय?’”

खोलीत पंखा फिरत होता. वर्तमानपत्राचं एक पान उचललं जाऊन पुन्हा खाली बसलं.

“बैठकीत,” ती म्हणाली. शब्द तिच्या तोंडातून सावकाश, एकेक करून बाहेर आले. “बैठकीत आम्ही सगळे थांबायचो.”

“माहितीये मला. मी न्यायला यायचे त्यांना. जिन्यात उभी राहून ऐकायचे.” मुलगी वर्तमानपत्राची घडी बोटाने दाबत राहिली. “एकदा घरी येताना विचारलंही होतं. म्हटलं, बाबा, ही माणसं अर्ध्यावरच का उठतात? तुम्ही सांगत का नाही, वाचा पुढे म्हणून?”

“मग?”

“कोपऱ्यापर्यंत नुसते चालत राहिले. मग म्हणाले, ‘ज्याला पुढे वाचायचं असेल, तो वाचेल.’” तिने घडी पुन्हा एकदा दाबली. “आणि पुढच्या शनिवारी आरशासमोर उभे राहून किती वेळ भांग पाडत होते. मला ते काही बरं दिसलं नाही. पण मीही पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे एकदाच विचारायची पद्धत.”

दोघींनीही एकाच वेळी पलंगाकडे पाहिलं. सरांचे डोळे उघडे होते.

“बरं,” सर म्हणाले.

हे कशाला उद्देशून होतं, ते दोघींपैकी कोणीच विचारलं नाही.

मुलगी उठली. “मी खालून औषधं घेऊन येते. तोवर वाचाल तुम्ही? काहीही वाचा, पुलाचं वाचा, जाहिराती वाचा. फक्त थांबू नका, एवढंच.” दार ओढून घेता घेता ती म्हणाली, “तुमच्यासमोर शहाण्यासारखे वागतील. पाहुण्यांचा धाक आहे त्यांना.”

जिन्यावरची पावलं विरत गेली. तिने वर्तमानपत्र हातात घेतलं आणि खाली ठेवलं. पिशवीचा बंद सोडला. कागद मधल्या घडीवर पिवळे पडले होते, आणि तिसऱ्या पानाच्या ओळींवरून ती घडी एखाद्या जुन्या व्रणासारखी आडवी गेली होती.

तिने वाचायला सुरुवात केली. पहिलं पान तिच्या आवाजाने वाचलंच नाही; दुसऱ्याच कुणा घाबरलेल्या बाईचा आवाज ते वाचत होता. दुसऱ्या पानावर गोष्टीतल्या बापाने वाटी सरकवली. आई उभी राहिली. तिसरं पान आलं, तशी ती घडी जवळ येत गेली.

“बरं,” सर म्हणाले.

बोटं कागद दुमडायला निघाली. तिने ती थोपवली. मग घडीपलीकडचं अर्धं वाक्य, जे एवढी वर्षं पलीकडच्या काठावर उभं होतं, ते तिने मोठ्याने वाचलं. आपल्याच या वाक्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तो तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला.

“बरं.”

आता तो शब्द शेवटाला किंचित वर उचलला जातो आहे, असं तिला वाटलं. पायरीच्या कडेवर पाऊल ठेवून माणूस वर पाहतो तसा. तो आधीपासूनच असा होता का? की आजाराने त्याला वाकवलं होतं? वाचनालयातल्या त्या खोलीत सगळ्यांनी एका प्रश्नचिन्हाला पूर्णविराम समजून आपापली पुस्तकं मिटली होती का? आणि ज्याचा प्रश्न होता, त्याने तो समज का दूर केला नाही? तिने वाचणं सोडलं नाही. गोष्टीतला बाप म्हातारा झाला, गेला. त्याच्या माघारी एकदा जेवताना पाहुण्यांच्या लहान मुलीच्या हातून वाटी निसटून ताटावर आपटली, आणि आई, पांढऱ्या केसांची, गुडघे दुखणारी आई, घास टाकून ताडकन उठून उभी राहिली. कोणासाठी उठलो, हे न कळून ती तशीच उभी राहिली.

इथे श्वास घ्यायला ती थांबली. वाचून झालेले कागद ठेवायला जागा हवी म्हणून तिने स्टुलावर हात नेला. मग सरांकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य ओठांवर असूनही ती बोलली नाही.

सर वाट पाहत होते.

“बरं,” ते म्हणाले.

ती गप्प राहिली.

“बरं?” डावा हात चादरीवर हलला, चादरीची कड त्याने मुठीत घेतली. त्यांचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते, आणि त्या डोळ्यांत काय आहे हे कळायला तिला क्षणाचाही वेळ लागला नाही. ती तर त्या डोळ्यांच्याच घरात वाढली होती. आता काय होणार? माझं काय चुकलं? ही उठून जाईल का? अंधारातलं एक पोर, जिची गोष्ट अर्धी राहिली त्या आजीच्या श्वासाचा कानोसा घेत होतं.

आणि तिच्या छातीत काहीतरी उबदार पसरत गेलं. ते वाईट नव्हतं. सगळ्यात भयंकर हेच होतं, की ते मुळीच वाईट वाटत नव्हतं. काही करावं लागत नव्हतं, आवाज चढवावा लागत नव्हता, हात उगारावा लागत नव्हता. फक्त गप्प राहायचं होतं. उरलेलं सगळं समोरचा माणूस स्वतःच करत होता. इतकं सोपं असतं हे. ज्याला हे एकदा हाती लागलं, त्याने ‘वाचा पुढे’ तरी का म्हणावं? ती आणखी थोडा वेळ गप्प राहिली. मग त्याहूनही थोडा.

सरांची नजर तिच्या तोंडावरून हळूहळू खाली उतरली आणि स्टुलावर येऊन थांबली. तिनेही पाहिलं.

कागद ठेवायला जागा करताना तिच्या बोटांनी वाटी बोटभर बाजूला सरकवली होती. बोटं अजून वाटीच्या काठावरच होती.

जिन्यावर पावलं वाजली. दार ढकलून मुलगी आत आली, औषधांची पुडी हातात, कपाळावर घाम. खोलीतल्या शांततेने ती उंबऱ्यातच थबकली. आधी वडिलांकडे, मग तिच्याकडे पाहत राहिली.

“का हो ताई,” तिने आवाज आपोआप खाली आणत विचारलं. “काही झालं का? माझं काही…”

“नाही,” ती घाईने म्हणाली. “काही नाही झालं.”

“मग संपली का गोष्ट?”

“नाही. राहिलीय अजून.”

तिने वाटी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. पण ती आधी नेमकी कुठे होती, हे तिला आठवेना. ती थोडी अलीकडे घेतली, थोडी पलीकडे. पलंगावरचे दोन डोळे आणि दारातले दोन डोळे तिच्या हाताबरोबर निमूटपणे सरकत राहिले. शेवटी तिने वाटी उचलून मुलीच्या हातात दिली.

“ही आत नेऊन ठेवा,” ती म्हणाली. मग तिचं तिलाच ऐकू आलं, तशी ती पुन्हा म्हणाली, “ठेवाल का?”

तिने कागदावर जिथे थांबली होती ती ओळ शोधली आणि तिथे बोट टेकवलं. सरांनी डोळे मिटले नाहीत.

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढे वाचू लागली.